दव वाळेपर्यंत थांबायचं: नाशिकजवळच्या गवती धावपट्टीवरून

नाशिकमध्ये विमानाचा विषय निघाला की ओझरचा विमानतळ आठवतो, नाहीतर इथल्याच गांधीनगर भागातली लष्करी हेलिकॉप्टरं. पण खरं उडणं काय असतं ते मला कळलं शहराबाहेरच्या एका खाजगी गवती पट्टीवर, डिसेंबरच्या सकाळी.

विमान दोन आसनांचं, 100 अश्वशक्तीच्या रोटॅक्स इंजिनाचं. माणसं आणि इंधन धरूनही या वर्गातल्या विमानाचं वजन साधारण 600 किलोच्या आत ठेवतात. मला बसायची घाई. विमान उडवणाऱ्या काकांनी मात्र आधी अख्खी पट्टी पायी चालायला लावली. हरळी छान कापलेली होती, पण जमीन आपली काळी. पावसात चाकाला चिकटणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. शिवाय उंदरांची बिळं. "नाकाचं चाक यात गेलं की प्रॉपेलर मातीत," असं म्हणत काकांनी एक बीळ टाचेने दाबून बुजवलं.

बूट दवाने भिजले होते. तेवढ्यासाठी आम्ही चहा घेत थांबून राहिलो. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाचा ठोकताळा आहे: टेकऑफला कोरड्या गवतावर पक्क्या पट्टीपेक्षा 20 टक्के जास्त अंतर धरायचं, ओल्यावर 30. उतरताना कोरड्यावर 15, ओल्यावर 35, कारण ब्रेक दाबले तरी चाकं घसरत राहतात. पहाटेची गार, दाट हवा इंजिनाला आणि पंखांना मानवते, पण त्याच वेळी गवत ओलं असतं. दोन्हींतली वेळ साधावी लागते. लष्करी तळ जवळ असल्याने उड्डाणाची परवानगी आधीच घेतलेली होती.

काकांनी स्टिक, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारी दांडी, पोटाशी ओढली, पॉवर दिली. गवत चाकांना मागे खेचत होतं, दात वाजत होते. नाकाचं चाक उचललं गेलं, मग मागची चाकंही सुटली आणि खडखडाट एकदम थांबला. मला वाटलं आता वर! पण काकांनी स्टिक हलकेच पुढे करून विमान गवतालगतच पळवलं. जमिनीजवळ पंखांना जादा आधार मिळतो, म्हणून कमी वेगातही विमान तरंगतं. तेव्हाच वर खेचलं तर तो आधार सुटतो आणि विमान पुन्हा खाली बसतं. वेग भरला, मग चढलो.

खाली द्राक्षबागा, गंगापूर धरणाचं पाणी, रामशेजचा कातळ. लांब अंजनेरी आणि ब्रह्मगिरी. इतकी वर्षं या रस्त्यांवरून फिरलो, पण धरणाचं पाणी शेताशेतांत किती आत शिरलंय ते वरूनच दिसलं.

उतरल्यावर मी मे महिन्यात पुन्हा येतो म्हणालो. काकांनी नकारार्थी मान हलवली. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 फुटांवर. 36 अंश तापमानात हवा इतकी विरळ होते, की विमानाला हीच पट्टी 5,000 फुटांवर असल्यासारखी वाटते. "दिवाळीनंतर ये," ते म्हणाले, "पट्टी वाळली की फोन करतो."