आईची संपत्ती, ३१ मार्चच्या भावाने

२८ फेब्रुवारी २०१५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री जेटलींनी संपत्ती कर रद्द केल्याचं ऐकून आई म्हणाली, "चला, सुटलो." पण ३१ मार्च २०१५ चा हिशेब द्यावाच लागणार होता. तो शेवटचा.

शेअर आणि मुदत ठेवी या करात धरतच नसत. मोजायचं ते दुसरं घर, गाडी, दागिने, पन्नास हजारांवरची रोकड. एकूण तीस लाखांच्या वर जाईल त्यावर एक टक्का. दादरच्या राहत्या घराला सूट होती; आईने नोकरीत असताना घेतलेला मुलुंडचा फ्लॅट मात्र कुलूपबंद. वर्षात ३०० दिवस भाड्याने दिला असता तर तोही सुटला असता, पण भाडेकरू म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो.

फ्लॅटचं मूल्य काढायची रीत अजब होती. पालिकेने ठरवलेल्या वार्षिक मूल्यातून घरपट्टी आणि १५ टक्के वजा करायचे, उरलेल्याची साडेबारा पट करायची. खरेदीची किंमत त्याहून जास्त असेल तर ती धरायची. आमची खरेदीच जास्त निघाली, म्हणजे १९९६ चे बारा लाख! २०१५ मध्ये एजंट मात्र कोटीच्या गोष्टी करत होते.

सोन्याला ही मेहेरनजर नव्हती. त्याला ३१ मार्चचाच बाजारभाव, आणि दागिने पाच लाखांच्या वर असले तर नोंदणीकृत व्हॅल्युअरचा, म्हणजे मूल्य ठरवणाऱ्याचा, अहवाल लागे. आमचे व्हॅल्युअर मोजके बोलणारे गृहस्थ. बोरमाळेच्या पोकळ मण्यांत लाख (राळेसारखा पदार्थ) भरलेली, तिचं वजन त्यांनी वजा केलं, तशी आईचा चेहरा पडला. कमी भरलं तर आपलाच फायदा, हे मी तिला हळूच सांगितलं. मजुरी धरली नाही; विकून काय येईल तेवढंच. नथीच्या मोत्यांपाशी मात्र ते भिंग लावून बराच वेळ बसले. मोत्याला सोन्यासारखा रोजचा भाव कुठला? तिथे त्यांचा शब्द शेवटचा.

मग चांदीची भांडी निघाली.

"अहो, देवाची समईसुद्धा?"

"सरकारदरबारी ती चांदीच, वहिनी."

सीएने या कराचं विवरणपत्र, फॉर्म बीबी, भरलं. कर जेमतेम दोनेक हजार, व्हॅल्युअरची फी त्याहून जास्त. अहवालाची प्रत मी जपून ठेवली आहे. त्यात प्रत्येक दागिन्याचं वजन आणि कस वेगळा लिहिलेला आहे. उद्या आम्हा भावंडांत वाटणीची वेळ आली तर निदान वजनावरून वाद नको.