अढीतली पोरं

जुलै उतरणीला लागला की अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्यांना दरवर्षी एक ताप चढतो. संघांनी आपसांत खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत महिनाअखेरीच्या सुमाराला संपते, आणि तोवर जो तो व्यापारी होतो. ज्या संघाला यंदा अजिंक्यपदाची आशा आहे तो एखादा तयार, नावाजलेला गडी मागतो. ज्यांचं यंदाचं सगळं आटोपलेलं आहे ते तो देतात आणि बदल्यात पोरं मागतात. एकोणीस-वीस वर्षांची, लहान गावांतल्या मायनर लीगच्या, म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या पायऱ्यांच्या, मैदानांवर खेळणारी, रात्र रात्र बसमध्ये काढणारी पोरं. त्यांना इथे प्रॉस्पेक्ट म्हणतात.

क्रिकेटवर वाढलेल्या मला हा प्रकार समजायला वेळ लागला. मग एकदा आंब्याची अढी आठवली आणि सगळं सोपं झालं. गवतात कैऱ्या मांडलेल्या, रोज हात घालून एकेक दाबून बघायची, कुठली पिकेल, कुठली देठाशी सडेल, कुठली नुसतीच सुरकुतेल याचा पत्ता नाही. अशात शेजारी दारात उभा राहून म्हणतो, हा घ्या पिकलेला पायरी, आजच खा, आणि बदल्यात त्या चार कैऱ्या द्या. द्यायच्या की नाही? आणि दिल्यावर, शेजाऱ्याकडे त्यातली एक केशरी होऊन घमघमायला लागली, तर त्या दिवशीचा आपला पायरी गोड होता हे किती दिवस लक्षात राहणार?

गंमत म्हणजे चाहत्याने यातल्या बहुतेक पोरांना खेळताना पाहिलेलंच नसतं. तरी त्यांची उंची, वजन, चेंडूचा वेग सगळं तोंडपाठ. पहिल्या शंभरांच्या याद्या दरवर्षी निघतात. गुणी पोरं हेरत फिरणारी स्काउट मंडळी प्रत्येक गुणाला २० ते ८० अशा मोजपट्टीवर आकडा देतात. ५० म्हणजे मोठ्या लीगमधला सरासरी खेळाडू. एखाद्या पोराच्या फटक्यापुढे ७० लागले की चाहता त्याला मनातल्या मनात पंधरा वर्षं पुढे नेतो आणि स्टेडियमबाहेर त्याचा पुतळाही उभा करून येतो. अशा पोराशी बरोबरी करणं कुठल्याही तयार खेळाडूला जडच जाणार. तयार खेळाडूचे दोष सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलेले असतात. आमच्या डेट्रॉइटची पोरं पेन्सिल्व्हेनियातल्या ईरीला खेळतात, त्यांचे दोष बघायला तिथवर कोण जातं?

भाव वाढायचं दुसरं कारण पैशाचं. मोठ्या लीगमध्ये आल्यावर खेळाडू साधारण सहा वर्षं त्याच संघाच्या ताब्यात राहतो, आणि त्यातली पहिली तीनेक वर्षं किमान पगाराच्या आसपासच काढतो. त्यामुळे ‘सहा वर्षांचा ताबा’ हे शब्द इथे न्हाव्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी. मला याचं अजून नवल वाटतं. संघ अब्जाधीशाचा, वाचलेला पैसा अब्जाधीशाचा, त्यातून तिकीट एका डॉलरने स्वस्त होत नाही. आणि हा गृहस्थ मात्र मुनीमजींसारखा मालकाचा खर्च वाचवत बसलेला!

मिशिगनमध्ये या विषयावर बोलायचं म्हणजे शेवटी १९८७ वर यायचं. माझ्या शेजारचे आजोबा मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, डेट्रॉइटच्या संघाचे, टायगर्सचे, जन्मापासूनचे भक्त. त्यांच्याशी हवेपाण्यावर बोलायला लागलं तरी गाडी १९८७ ला लागते. त्या ऑगस्टमध्ये (तेव्हा ऑगस्टमध्येही सौदे होत) टायगर्सना पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हवा होता. अटलांटाकडे ३६ वर्षांचा डॉयल अलेक्झांडर होता. बदल्यात टायगर्सनी वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ दिला. स्मोल्ट्झ इथलाच, लॅन्सिंगमध्ये वाढलेला, लहानपणापासून याच संघावर जीव असलेला. मात्र तेव्हा मायनर लीगमध्ये त्याचा हंगाम ४ विजय, १० पराभव असा चाललेला. त्या दिवशी यादीत बघितलं असतं तर ही कैरी सुरकुतणारीच वाटली असती.

पुढे काय झालं ते इथे शाळकरी पोरंही सांगतात. स्मोल्ट्झने अटलांटासाठी साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा, पुरस्कार मिळवला, २१३ विजय आणि १५४ सेव्ह (आघाडी राखून संपवलेले सामने) नावावर केले, २०१५ मध्ये तो थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. अलेक्झांडर १९८९ नंतर खेळलाच नाही. डेट्रॉइटच्या मनात जी अढी बसली ती आजवर गेलेली नाही.

पण जे सहसा कोणी सांगत नाही तेही सांगायला हवं. आल्यावर अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी अकरा सामन्यांत सुरुवात केली आणि नऊ जिंकले. त्याच्या नावावर एकही पराभव लागला नाही. हंगामाच्या शेवटच्या तीन दिवसांत टोरांटो डेट्रॉइटला आला होता, गटाचं अजिंक्यपद त्या तीन सामन्यांवर अडलेलं. पहिला अलेक्झांडरने जिंकून दिला. तिन्ही टायगर्सनी जिंकले आणि दोन सामन्यांच्या फरकाने गट मारला. म्हणजे ज्या कामासाठी माणूस आणला ते काम त्याने चोख केलं. मग पुढच्या फेरीत मिनेसोटाने त्याला दोनदा झोडपलं, आणि टायगर्स घरी आले. एवढ्या दोन सामन्यांनी तो सौदा ‘इतिहासातला सर्वांत वाईट’ वगैरे झाला. मिनेसोटाने पुढे वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, जिंकली. ती डेट्रॉइटने जिंकली असती तर स्मोल्ट्झचं नाव निघाल्यावर आजोबा हसून म्हणाले असते, गेला तर गेला. माझी खात्री आहे.

बॉस्टनचं तसंच. १९९० च्या ऑगस्टअखेरीस त्यांनी लॅरी अँडरसन नावाचा ३७ वर्षांचा पिचर आणला, २२ डाव (एका सामन्यात असे नऊ असतात) उत्तम टाकून घेतले, आणि बदल्यात जेफ बॅगवेल ह्यूस्टनला दिला. बॅगवेलने त्या वर्षी मायनर लीगमध्ये चारच होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, मारले होते; मोठ्या लीगमध्ये पुढे ४४९ मारले. बॉस्टन त्या ऑक्टोबरमध्ये ओकलंडकडून सलग चार सामने हरलं.

आता डेट्रॉइटचीच दुसरी बाजू. डिसेंबर २००७ मध्ये टायगर्सनी फ्लोरिडाकडून मिगेल कब्रेरा आणला, सोबत डॉन्ट्रेल विलिस, आणि सहा जण दिले. त्यातले अँड्र्यू मिलर आणि कॅमेरॉन मेबिन हे देशभर गाजलेले प्रॉस्पेक्ट होते. कब्रेराने २०१२ मध्ये तिहेरी मुकुट (फलंदाजीची सरासरी, होमरन आणि आणून दिलेल्या धावा या तिन्हींत लीगमध्ये पहिला) मिळवला, जो १९६७ नंतर कोणाला जमला नव्हता. त्या सहांपैकी कोणीही त्याच्या जवळपास पोचलं नाही. हिशेबाने बघितलं तर डेट्रॉइटने १९८७ चं कर्ज व्याजासकट फेडून घेतलं. पण आजोबांना कब्रेराविषयी विचारा, ते त्याच्या बॅटविषयी बोलतात, सौद्याविषयी नाही. फायद्यातला सौदा दोन वर्षांत सौदा राहतच नाही, तो आपलाच खेळाडू होतो. तोट्यातला मात्र जन्मभर सौदाच राहतो.

म्हणून मला वाटतं, चाहता न्याय करतो तो ना तयार खेळाडूचा, ना पोरांचा. तो न्याय करतो ऑक्टोबरमधल्या पाच-सात निर्णायक सामन्यांचा, आणि निकाल जुलैच्या कागदावर लिहितो. याला २०१६ इतका चांगला दाखला दुसरा नाही.

त्या वर्षी शिकागो कब्जनी १९०८ पासून आणि क्लीव्हलँडने १९४८ पासून वर्ल्ड सिरीज जिंकली नव्हती. दोघांनाही सामन्याचा शेवट सांभाळणारा पिचर हवा होता आणि न्यूयॉर्कच्या यँकीजकडे असे दोन होते. एकाच आठवड्यात कब्जनी अरोल्डिस चॅपमन घेतला आणि क्लीव्हलँडने अँड्र्यू मिलर. हो, तोच, कब्रेरासाठी दिलेला. तो आता तयार खेळाडूच्या रांगेत आला होता. कब्जनी दिलेल्यांत एकोणीस वर्षांचा ग्लेबर टोरेस होता, क्लीव्हलँडने क्लिंट फ्रेझर आणि जस्टस शेफिल्ड दिले. चॅपमनला त्याच वर्षी कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात लीगने तीस सामन्यांसाठी बाहेर बसवलं होतं, आणि बऱ्याच कब्जभक्तांना टोरेस जाण्यापेक्षा या माणसासाठी टाळ्या वाजवाव्या लागणार हे जास्त बोचलं होतं. ‘पहिल्या शंभरातला’ म्हणून पोराची किंमत सांगणारे आकडे भरपूर आहेत. या बोचण्याला कुठल्या रकान्यात धरायचं ते कोणी ठरवलेलं नाही.

दोघेही शेवटपर्यंत पोचले आणि तीन-तीन बरोबरीत राहिले. सातवा सामना क्लीव्हलँडला. तिथे मिलरला डेव्हिड रॉसने होमरन मारला. रॉस ३९ वर्षांचा, निवृत्तीच्या दारात उभा. आठव्या डावात कब्ज ६-३ असे पुढे, दोन बाद, आणि चॅपमन आला. नेमक्या याच घडीसाठी टोरेस दिला होता. चॅपमनने एक धाव जाऊ दिली आणि मग राजाय डेव्हिसने त्याला होमरन मारून ६-६ केलं. नववा डाव संपल्यावर पाऊस आला, सतरा मिनिटं खेळ थांबला, दहाव्यात कब्जनी दोन धावा केल्या आणि ८-७ ने सिरीज जिंकली. नियमाप्रमाणे विजयी पिचर म्हणून नोंद कोणाची? चॅपमनची!

शेवटचा गडी बाद करायला आला माइक माँटगोमेरी. हा एकेकाळी कॅन्सस सिटीचा प्रॉस्पेक्ट. २०१२ च्या डिसेंबरमध्ये कॅन्सस सिटीने जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिससाठी विल मायर्सबरोबर त्यालाही टँपाला दिला होता आणि जाणकारांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मायर्स लगेच वर्षाचा सर्वोत्तम नवखा ठरला, शिव्या आणखी वाढल्या; मग २०१५ मध्ये कॅन्सस सिटीने वर्ल्ड सिरीज जिंकली आणि शिव्या देणारे एकाएकी दूरदृष्टीबद्दल बोलू लागले. आणि त्या रात्री हे सगळं टीव्हीवर समजावून सांगणारा समालोचक होता जॉन स्मोल्ट्झ.

टोरेस पुढे यँकीजसाठी दोनदा ऑल-स्टार झाला, म्हणजे वर्षाच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात गेला. शिकागोत कोणी डोळ्यांतून टिपूस काढत नाही. ‘अजिंक्यपदाचा झेंडा एकदा लागला की कायमचा’, असं इथले चाहते म्हणतात. डेव्हिसच्या होमरननंतर पाऊस नसता आला, दहावा डाव उलटा गेला असता, तर टोरेसच्या प्रत्येक फटक्याला शिकागोत कोणीतरी कपाळाला हात लावला असता. चॅपमन मात्र तेवढाच असता, आणि टोरेसही तेवढाच.

खरा अवघड प्रश्न ज्या संघाला उद्या आहे की नाही हेच माहीत नाही त्याचा. २००२ मध्ये माँट्रियल एक्स्पोज लीगच्याच मालकीचा होता, संघ बंद करायची भाषा चालू होती. त्यांचे सौदे ठरवणाऱ्या ओमार मिनायाने पिचर बार्टोलो कोलोनसाठी क्लिफ ली, ग्रेडी साइझमोर आणि ब्रँडन फिलिप्स हे तिघे क्लीव्हलँडला देऊन टाकले. तिघेही पुढे ऑल-स्टार झाले. ज्याचं दुकान उठणार त्याने बियाणं कशाला राखायचं? पण दुकान उठलं नाही, २००५ मध्ये ते वॉशिंग्टनला हललं. आणि त्याच संघाने २०२२ मध्ये, काउंटरच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून, २३ वर्षांचा फलंदाज हुआन सोटो सॅन डिएगोला विकला आणि सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड अशी पोरं घेतली. तिघेही पुढे ऑल-स्टार. सॅन डिएगोला सोटोने अजिंक्यपद दिलं नाही. वर्ष-दीड वर्षात तो यँकीजकडे गेला. त्याच्या बदल्यात आलेल्यांपैकी एकाला देऊन सॅन डिएगोने पिचर डिलन सीझ आणला. अशी या सौद्यांची वंशावळ वाढत जाते आणि चाहते ती हौसेने काढतात, कोणाच्या पोटी कोण. या वंशावळीत मला गोडी वाटत नाही. सॅन डिएगोच्या माणसाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या संघाला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना हरवताना पाहिलं, घसा बसेपर्यंत ओरडला. ते कुठल्या फांदीवर लिहायचं?

आणि जे सौदे झालेच नाहीत त्यांचं काय, हे २०२५ मध्ये आमच्याकडे कळलं. टायगर्सची गटात क्लीव्हलँडवर पंधरा सामन्यांहून मोठी आघाडी होती. मॅक्स क्लार्क आणि केव्हिन मॅकगोनिगल ही दोन पोरं देशभरात नावाजलेली. व्यवस्थापनाने दोघांना हात लावू दिला नाही, किरकोळ भरती करून मुदत पार पाडली. आघाडी वितळली, गट क्लीव्हलँडने नेला. वाइल्ड कार्ड नावाच्या पहिल्या बाद फेरीत टायगर्सनी क्लीव्हलँडला काढलं खरं, पण पुढे सिएटलला जाऊन पाचवा सामना पंधराव्या डावात गमावला. सिएटलने जुलैत आणलेल्यांत युहेनियो सुआरेझ होता, जो २०१४ मध्ये तरुण असताना डेट्रॉइटनेच अल्फ्रेडो सिमोन नावाच्या पिचरसाठी देऊन टाकला होता. टायगर्सच्या बाजूने दुसऱ्या बेसवर ग्लेबर टोरेस, आता करार संपून मोकळा झाल्यावर आलेला, एकही पोर न देता.

आजोबांचा नातू तेव्हापासून खवळलेला आहे. क्लार्क देऊन एखादा खरा पिचर आणला असता तर पंधराव्या डावापर्यंत गोष्ट गेलीच नसती, असं त्याचं म्हणणं. आजोबा म्हणतात क्लार्कचं नाव काढायचं नाही. परवा अंगणात दोघांची जुंपली होती, मी कुंपणाच्या अलीकडे होते. नातवाने शेवटी विचारलं, “समजा नऊ सामने जिंकून देणारा आणि एकही न हरणारा पिचर मिळत असता, तर क्लार्क दिला असता का?” आजोबा गवत कापायच्या यंत्राशी बराच वेळ खटपट करत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, “कुठल्या महिन्यात विचारतोयस?”