मनाचंच तर काढायचं असतं ना?

परवा दाताच्या डॉक्टरांनी विचारलं. माझा आ वासलेला, गालात कापूस, आणि ते म्हणतात, "तुम्ही गेममधली चिलखतं, तलवारी काढता ना? सगळं मनाचंच काढायचं, मग एका चिलखताला तीन आठवडे कसे लागतात?" मी काहीतरी उत्तर दिलं, ते त्यांना गुळण्या वाटल्या. लग्नाकार्यात मामा हेच विचारतात, खालच्या मजल्यावरचे काका विचारतात, सिलिंडर घेऊन आलेल्या मुलानंही एकदा स्क्रीनकडे बघून विचारलंय. तुम्हीही विचारलंत, तर तोंड मोकळं आहे तोवर सांगून टाकते.

मनाचं असतं म्हणूनच वेळ लागतो. खरं चिलखत कुणीतरी अंगात घालून, घामेजून, काचतं म्हणून शिव्या देऊन कारागिराकडून दुरुस्त करून घेतलेलं असतं. माझं कुणीच घातलेलं नसतं. ते काचणं मलाच शोधावं लागतं.

पहिल्या मोठ्या कामात मी ते शोधलं नाही. राक्षसांच्या सेनापतीच्या खांद्यांवर गरुडाच्या पंखांसारखे दोन पत्रे चढवले. समोरून असे काही दिसत होते की मी स्वतःवरच खूश. थ्रीडी करणाऱ्या मुलानं त्यावरून मॉडेल बनवलं, सेनापतीला हात वर करायला लावला आणि स्क्रीनशॉट पाठवला. पत्रा गालातून आरपार. खाली एकच ओळ: "ताई, हा जयजयकार करायला गेला आणि गेला."

तेव्हापासून आधी नुसत्या काळ्या आकृत्या काढते, वीसेक तरी. लांबून ओळखू येणारी एखादी उरते. मग काख, कोपर, मांडीचा सांधा, मान. तिथे पत्रा बसत नाही, आणि हे कोडं जुन्या कारागिरांनी आधीच सोडवून ठेवलंय. आपल्याकडचं चार-आईना बघा. छातीला एक पत्रा, पाठीला एक, दोन्ही कुशींना एकेक, सगळे पट्ट्यांनी बांधलेले, आणि खाली कड्यांचं चिलखत. कुशीच्या पत्र्यांना काखेशी अर्धगोल खाच असते. तेवढ्या खाचेमुळे माणूस हात खाली आणू शकतो. ती खाच मी आजवर निदान सहा निरनिराळ्या काल्पनिक राज्यांना वाटली आहे. खवल्यांचं चिलखत काढलं तेव्हा आईनं मागून बघून म्हटलं, "कौलं उलटी लावलीस, पाणी घरात येईल." बरोबर होतं. वरचा खवला खालच्यावर यायला हवा, नाहीतर वरून आलेला वार घसरून जायच्याऐवजी फटीत शिरतो.

शस्त्रांचं त्याहून अवघड, कारण त्यात सगळेच जाणकार. पात्यावरची लांब पन्हळ रक्त वाहून जायला असते असं मला दर महिन्याला कुणीतरी सांगतं. ती असते वजन कमी करायला, पातं फार लवू न देता. खरी एकहाती तलवार साधारण किलो-सव्वा किलोची. गेमवाल्यांना मात्र दाराच्या फळीएवढी हवी असते. देते मी. फक्त मूठ दोन हातांची लांब ठेवते आणि पात्याचा मुठीजवळचा हातभर भाग बिनधारेचा, म्हणजे उचलणाऱ्याला धरायला जागा राहते.

साताऱ्यात राहण्याचा फायदा असा, की बघायला लांब जावं लागत नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं इथल्या संग्रहालयात आली तेव्हा मीही रांगेत होते. ती नेमकी कुणाची यावर पुढेमागे वाद चालू होता. मी बघत होते ते माप. केवढीशी! एक पट्टी, दोन अंगठ्या, आणि नखं तळव्याच्या आत वळलेली. मी तोवर वाघनखं म्हणून बोटांवरून पुढे आलेले विळे काढत होते. मूठ मिटली की दिसू नये हाच त्या शस्त्राचा अर्धा डाव, आणि माझी तर शंभर फुटांवरून दिसायची.

दांडपट्टा तर हातात घालूनच बघितला. शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर एका वस्तादांनी दिला. आत आडवी मूठ, तिच्यावर कोपराकडे जाणारी लोखंडी खोळ, वर पट्टी. पुढे लांब, लवणारं पातं. मी सवयीनं मनगट वळवायला गेले. वळेचना. "मनगट विसरा, ताई," वस्ताद म्हणाले, "पायापासून फिरा." घरी येऊन जुनी फाइल उघडली. माझी पट्टा चालवणारी राणी मनगट झोकात मुरडून उभी होती, जणू बांगड्या दाखवतेय. पुसली.

आता रंग. यात सगळ्यात जास्त दिवस जातात आणि हे मी शिकले स्वयंपाकघरात. नवीन मुलं लोखंड रंगवताना करडा रंग घेतात, मऊ ब्रशनं मधोमध उजळ करतात, आणि होतो पाण्याचा पीव्हीसी पाइप. ओट्यावरचा स्टीलचा डबा नीट बघा. त्यात करडं फार थोडं. काळीकुट्ट उभी पट्टी, तिला अगदी खेटून पांढरीफेक, मग खिडकीच्या जाळीचा तुकडा, मग तुमच्या गाऊनचा निळा. चकचकीत धातूचा रंग म्हणजे बहुतेक आजूबाजूच्या खोलीचाच रंग. म्हणून तलवार रंगवण्याआधी ती कुठे आहे ते ठरवावं लागतं: उन्हात, पलित्याच्या उजेडात, की बर्फात.

शेजारी पितळी तांब्या आणि प्लॅस्टिकचा पिवळा मग ठेवा. मगावरची चमक पांढरी. तांब्यावरची चमकही पिवळसर, कारण पितळ समोरच्या पांढऱ्या खिडकीलाही आपला रंग देतं. एवढं एक कळलं तेव्हा माझं सोनं सोन्यासारखं दिसायला लागलं. तोवर दोन वर्षं मी मग रंगवत होते.

मग झीज. हात लागतो तिथे धातू उजळतो, हात पोचत नाही तिथे काळवंडतो, पाणी साचतं तिथे गंज किंवा हिरवट डाग. ब्रशनं सगळीकडे सारखे ओरखडे मारले की चिलखत भंगारातून आणल्यासारखं दिसतं. उजव्या हाताचा माणूस असेल, तर म्यानाच्या तोंडाशी झीज कुठल्या बाजूला? यावर माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

बाकी लेअर किती, सॉफ्टवेअर कुठलं, याला महत्त्व नाही. आधी करड्यात उजेड-अंधार, वर रंग, शेवटी समोरून-बाजूनं-मागून तीन चित्रं आणि बक्कल कसं उघडतं त्याचं चौथं. ते चौथं मागितलेलं नसतं.

सध्या नदीकाठच्या एका राणीचं शिरस्त्राण चालू आहे, पितळेचं. त्यासाठी काकूंचा तांब्या गेले आठ दिवस माझ्या टेबलावर आहे. काल त्या वर आल्या, तांब्या बघितला आणि लाजल्या. "अगं, चिंच लावून घासून तरी दिला असता." मी तो दोन्ही हातांनी झाकला.