बसमधली वही

गोव्यातल्या वाळपईकडून बसने येणाऱ्या आमच्या कॉलेजच्या मुलांपैकी तिघं आयएसएला बसली नाहीत. उत्तरपत्रिका मोजताना ते कळलं, आणि मग उशिरा डोक्यात आलं की बसमधली वही बंद झाली असणार.

आयएसए म्हणजे सत्र चालू असतानाची अंतर्गत परीक्षा. तिचे गुण तसे थोडे. पण ती बुडाली की अर्ज, कारण, डॉक्टरचं सर्टिफिकेट अशी वरात निघते, आणि दोन बस बदलून येणारं पोर त्या वरातीला कंटाळून तासांनाही येईनासं होतं. कॉलेज सुटतं ते बरेचदा असं. घरची अडचण, अभ्यास झेपत नाही वगैरे कारणं नंतर फॉर्मवर येतात. त्याआधी कधीतरी एक परीक्षा चुकलेली असते आणि ‘का रे आला नाहीस?’ असं कुणी विचारलेलं नसतं.

त्या बसमध्ये विचारणारा एकजण होता. दुसऱ्या वर्षाचा, मागच्या बाकावरचा, गॅदरिंगच्या कुठल्याही यादीत नाव नसलेला. बसमध्ये आमची चौदा मुलं. त्याच्याकडे एक शंभरपानी वही होती. पानावर दोन रकाने: आज कोण आलं नाही, आणि त्याचं काय बुडालं. रात्री मेसेज जायचा, ‘अकाउंट्सची जर्नल परवा द्यायचीय, तिसऱ्या युनिटपर्यंत.’ सकाळी बसमध्येच नोट्सचे फोटो काढून व्हायचे. चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, सुट्टी संपल्यावर वर्ग आठवडाभर अर्धे रिकामे असतात, पुढे गावोगावच्या जत्रा लागतात. त्या दिवसांत ही चौदा मुलं मात्र बऱ्यापैकी धरलेली राहायची. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली मांडलं होतं की विद्यार्थी टिकतो तो दोन धाग्यांवर, एक अभ्यासाचा आणि एक माणसांचा. इथे दोन्ही धागे एकाच वहीत होते, आणि तिच्यावर कॉलेजचा एक पैसाही खर्च होत नव्हता.

आम्हाला हे कळलं मेंटॉर बैठकीत. प्रत्येक शिक्षकाकडे वीस-पंचवीस मुलं, प्रत्येकाची डायरी. या डायऱ्या कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती यायच्या आदल्या महिन्यात किती वेगाने भरल्या जातात, ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. तरी एका मॅडमनी खरोखर मुलांना बसवून विचारलं होतं, त्यातून वही बाहेर आली. सगळे खूश. ‘याला रेकग्निशन दिलं पाहिजे.’ मीही हात वर केला.

वार्षिक बक्षीस समारंभासाठी थांबायचं नाही, हे तरी आम्ही शहाणपणाने ठरवलं. त्या समारंभाचं गणित एकदा मांडून बघा. एकशेतीस प्रमाणपत्रं. नाव पुकारणं, पायऱ्या चढणं, हस्तांदोलन, फोटो, खाली उतरणं, माणशी अर्धा मिनिट. म्हणजे पासष्ट मिनिटं नुसती वाटपाची. वर पाहुणे राजकारणी असले तर तासभर उशीर ठरलेला. दुपारची बस काही पाहुण्यांसाठी थांबत नाही, त्यामुळे लांबची मुलं सरस्वतीवंदनेनंतर मागच्या दाराने निघतात आणि त्यांची प्रमाणपत्रं कार्यालयातल्या कपाटात जातात. जुलैतल्या कामाचं कौतुक फेब्रुवारीत, तेही कपाटाला.

प्रमाणपत्रांची दुसरी व्यथा नावांची. गोव्यात एकच परब रोमन लिपीत दोन तऱ्हेने लिहिला जातो, साधा आणि पोर्तुगीज वळणाचा ‘ओ’ घेऊन. आधारवर एक, बारावीच्या मार्कशीटवर दुसरा. मार्कशीटवरचंच घ्यावं आणि छपाईआधी यादी तीन दिवस फलकावर लावून मुलाकडून सही घ्यावी, हा एकच इलाज. एका वर्षी आमच्याकडे एक्सेलमध्ये नावांचा रकाना तेवढा अकारविल्हे लावला गेला, बाकीचे रकाने जागच्या जागी. यादीतून आपोआप कागद छापणाऱ्या मेल मर्जने इमानेइतबारे साठ चुकीची प्रमाणपत्रं काढली. धावण्याचं पहिलं बक्षीस रांगोळीवालीला. ज्याच्या हातात चुकीच्या नावाचा कागद पडतो, त्याला कॉलेजने नेमकं काय सांगितलेलं असतं? की आम्ही तुला ओळखत नाही.

या मुलाच्या वेळी सगळं नीट केलं. एकच प्रमाणपत्र. नाव तपासलेलं. ‘उत्कृष्ट कामगिरी’ असलं मोघम न लिहिता केलेलं काम लिहिलं: बसमधल्या सोबत्यांचा अभ्यास बुडू दिला नाही. सकाळी पोर्चमध्ये सगळ्यांसमोर दिलं, फोटो फलकावर लावला. टाळ्या मनापासूनच्या होत्या. पंधरवड्याने ती तीन मुलं परीक्षेला नव्हती.

त्याला बोलावलं. आधी ‘कांय ना सर’. मग जरा वेळाने म्हणाला, “ते म्हण्टात, तूं आतां सरांचो मनीस.”

कोण गैरहजर आहे हे टिपणारी वही. तिचं कौतुक केलं शिक्षकांनी, फोटो लावला कार्यालयाबाहेर. बसमधल्या मुलांनी जो अर्थ काढायचा तो काढला. पंच्याहत्तर टक्के हजेरीच्या नोटिसा जिथून निघतात त्याच भिंतीवर त्याचा चेहरा होता.

मी मग जुने अभ्यास काढून बसलो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग शिक्षणशास्त्रात सगळ्यांना पाठ असतो: चित्र काढायची आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांना बक्षीस आधी कबूल केलं तर पुढे ती चित्रांत कमी वेळ रमतात, अचानक दिलं तर तसं होत नाही. आमचं तर अचानकच होतं. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शाळांवरचा एक अभ्यास आला, त्यात चांगल्या हजेरीसाठी अचानक दिलेल्या प्रशस्तिपत्रानंतर मुलांची हजेरी उलट घटली. संशोधकांच्या मते मुलांनी त्यातून संदेश घेतला की आपण इतरांपेक्षा आणि शाळेच्या अपेक्षेपेक्षा जास्तच येतोय. हे जवळचं वाटलं, तरी पुरतं बसत नाही. आमचा मुलगा ढिला पडला नव्हता. त्याच्या भोवतीची मुलं सरकली होती, आणि तीही बक्षिसाच्या हेव्याने नव्हे. माझ्या वाचनातल्या प्रयोगांत बक्षीस घेणारा मोजलाय, त्याच्या शेजारच्या सीटवरचा कुणी मोजलेला दिसत नाही.

फलकावरचा फोटो उतरवला. त्याने काही फरक पडला नाही. आता आम्ही विचारतो आधी, ‘तुझं नाव लावू का?’ निम्मी मुलं नको म्हणतात. शाबासकीची चिठ्ठी शक्यतो मुलांनी मुलांना लिहायची, शिक्षकाची सही नाही, आठवड्याच्या आत. एनएसएसमध्येही, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, हेच शिकलो: वर्षाचे १२० तास भरायचे असतात, आणि तासाला शिक्षकाची सही आली की काही मुलं झाडू धरून सहीचीच वाट बघतात. सात दिवसांच्या शिबिरात रात्री भांडी घासताना घुमट हे मातीचं वाद्य निघतं, आरत्या सुरू होतात, तेव्हा त्या तासांची नोंद कुणी मागत नाही, आणि वर्षभर टिकणारी दोस्ती तिथेच जमते. कॉलेजातल्या कितीतरी सोहळ्यांपेक्षा बिननोंदीचे असे दोन तास मोलाचे, हे बैठकीत म्हटलं की प्राचार्य विचारतात, पुरावा काय दाखवायचा?

वही त्याने पुन्हा काढली नाही. मात्र या सत्रात त्याच बसमधली पहिल्या वर्षाची एक मुलगी रात्री मेसेज टाकते, असं कानावर आलंय. मागच्या आयएसएला त्या बसमधलं कुणी चुकलं नाही. ती माझ्याच मेंटॉर यादीत आहे. डायरीत ‘विशेष उल्लेखनीय’ असा रकाना असतो, सोमवारी ती द्यायचीय, आणि तो मी अजून कोरा ठेवलाय.