एफ८ दाबलं की बिल सेव्ह झालं पाहिजे

मामाचं कराडला हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्याच्यासाठी मी बिलिंगचं एक छोटं सॉफ्टवेअर लिहून दिलंय, सी शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत, विंडोज फॉर्म्सवर (म्हणजे विंडोजवर खाने-बटनं असलेले फॉर्म बनवायची जुनी पद्धत; हो, अजूनही तीच, हसू नका, काउंटरवरच्या त्या जुन्या मशीनवर तेच नीट चालतं). दिवाळीत गेलो तेव्हा बघतो तर काय, मामा प्रत्येक बिलाला चष्मा सारखा करून माउस शोधतोय, आणि त्या माउसवर ग्रीस आणि सिमेंटचा असा थर की क्लिक करायला बोट नाही, अख्खा अंगठा लावायला लागतोय. मला म्हणाला, "अरे टॅलीत कसं, एफ८ दाबलं, माल टाकला, कंट्रोल ए मारलं, सुटलो. तुझ्यात नुसती बटनंच बटनं हायत." (टॅली म्हणजे दुकानांत चालतं ते हिशेबाचं सॉफ्टवेअर.)

म्हणलं, दहा मिनिटांचं काम आहे मामा. तीन रविवार गेले.

सोपा भाग आधी सांगतो. बटनाच्या टेक्स्टमध्ये ज्या अक्षराच्या आधी & टाकाल ते अक्षर आल्टबरोबर दाबलं की बटन दाबल्यासारखं होतं, त्याला एक ओळ कोड लागत नाही. अक्षराखाली रेघ येते, पण विंडोज ती रेघ आल्ट दाबेपर्यंत लपवून ठेवतं, म्हणजे ज्याला शॉर्टकट माहीत नाही त्याला तो दिसतच नाही, ज्याला माहीत आहे त्यालाच दिसतो, काय डोकं लावलंय! सेटिंगमधून रेघ कायमची चालू करता येते, ती मी केली. आणि हो, "नट & बोल्ट" असं एक बटन होतं माझ्याकडे, त्यातला & गायबच झाला, तिथं && लिहावं लागतं हे मला मामाने "हे नट बोल्टच्या मधी काय पुसलंस" असं विचारल्यावर कळलं.

आता खरी गंमत. बटनं मराठीत आहेत, मग मी ऐटीत "&जतन करा" लिहिलं. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये ज हा पी च्या कीवर असतो, त्यामुळे कीबोर्ड मराठीवर असताना आल्ट आणि पी दाबलं की बिल जतन, मस्त चाललं. मग मामाने मालाचं नाव टाकायला भाषा इंग्लिश केली, झालं, तीच की आता पी देते, ज नाही, आणि बटन ढिम्म. कारण & वालं हे प्रकरण की ओळखतच नाही, त्या कीतून बाहेर पडलेलं अक्षर ओळखतं. जपानी प्रोग्राममध्ये मेनूच्या नावापुढे कंसात रोमन अक्षर असतं तसं करून बघितलं, पण त्यांचा कीबोर्ड मुळात रोमन अक्षरच देतो, आपलं इनस्क्रिप्ट थेट देवनागरी देतं, त्यामुळे आता उलटं झालं, इंग्लिशवर चालू, मराठीवर बंद. आणि आमच्याकडे गिऱ्हाइकाचं नाव मराठीत आणि मालाचं नाव इंग्लिशमध्ये, एकाच बिलात दोनदा भाषा बदलते.

त्यात रद्दच्या बटनाला आर दिलं होतं. विंडोज फॉर्म्सची एक खोड आहे जी मला इतकी वर्षं माहीत नव्हती: कर्सर टेक्स्टबॉक्समध्ये (टाइप करायच्या खान्यात) नसून फोकस, म्हणजे कीबोर्डचा ताबा, एखाद्या बटनावर असेल तर आल्ट न दाबताही नुसतं अक्षर दाबून बटन चालतं. मामा टॅब मारत मारत सेव्हच्या बटनावर पोचला होता, त्याला वाटलं कर्सर मालाच्या नावाच्या खान्यात आहे, आर पासून सुरू होणारं नाव टाइप करायला गेला आणि पंधरा आयटमचं बिल उडालं. समोर मिस्त्री उभा. मामा काहीच बोलला नाही, फक्त ड्रॉवरमधून कागदाचं बिलबुक काढलं, हे जास्त लागलं.

मग सगळे & काढून टाकले आणि एफ वाल्या कीज घेतल्या. एफ८ला भाषा नसते, मराठी असो इंग्लिश असो, ती एफ८च. यासाठी फॉर्मचं प्रोसेस-सीएमडी-की नावाचं फंक्शन ओव्हरराइड करायचं, म्हणजे त्याच्या जागी आपलं लिहायचं, ते टेक्स्टबॉक्सला की मिळायच्या आधी चालतं, आपली की असेल तर काम करून ट्रू परत द्यायचं, नसेल तर बेसकडे, म्हणजे मूळ फंक्शनकडे सोडायचं. आत सेव्हचा कोड परत लिहू नका, त्याच बटनाचं परफॉर्म-क्लिक बोलवा, ते कोडमधून बटन दाबल्यासारखंच असतं, म्हणजे बिल रिकामं असताना बटन बंद ठेवलेलं असेल तर एफ८ पण गप्प बसते. एफ१० तेवढी सोडून द्या, विंडोजमध्ये ती मेनूची असते, उगाच भांडण.

वाटलं संपलं. पहिल्याच दिवशी अर्धा इंची एल्बो, १८ रुपये, नग १२, एफ८, आणि बिल छापून आलं १८ रुपयांचं! तासभर डोकं खाजवलं. बेरीज मी नगाच्या खान्याच्या लीव्ह इव्हेंटमध्ये करत होतो, म्हणजे कर्सर खान्यातून बाहेर पडला की. माउसने बटन दाबलं की फोकस आपोआप बटनावर जातो, खाना सुटतो, बेरीज होते. शॉर्टकटने कर्सर जागचा हलतच नाही, खाना सुटत नाही, म्हणून आधीचा एक नग तसाच. म्हणजे चूक माझी जुनीच, इतके दिवस माउसने झाकून ठेवलेली. बेरीज टेक्स्ट-चेंज्डमध्ये हलवली, म्हणजे खान्यात काही बदललं की लगेच. तुमच्याकडे असले लीव्ह इव्हेंट भरपूर असतील तर शॉर्टकट लावायच्या आधी ते सगळे बघा, नंतर नाही, मी नंतर बघितले.

एंटरचं पण सांगतो. मी फॉर्मचं ॲक्सेप्ट-बटन, म्हणजे एंटर मारलं की दाबलं जाणारं बटन, सेव्हला लावून ठेवलं होतं, पुस्तकात तसंच असतं ना. पण टॅलीवर हात बसलेला माणूस एंटरने पुढच्या खान्यात जातो. नाव टाकलं, एंटर, आणि "माल टाकलेला नाही" असा माझा मेसेज, दिवसातून पन्नास वेळा. ते काढलं, आता एंटर पुढच्या खान्यात नेतो, आणि एफ८च्या जोडीला कंट्रोल ए पण सेव्हच करतं. कंट्रोल ए म्हणजे सिलेक्ट ऑल असतं, मी ते बिघडवलंय, मला माहीत आहे, पण हार्डवेअरच्या काउंटरवर सिलेक्ट ऑल कोण करतंय?

बटनांवर आता "बिल सेव्ह – एफ८" असं सरळ छापलंय, रेघ नाही काही नाही. माउस मॉनिटरच्या मागे पडलाय.

परवा मामाचा फोन, "एफ९ दाबलं तर काहीच होत नाही की रे." टॅलीत एफ९ला खरेदी असते. खरेदीचा फॉर्म मी अजून लिहिलेलाच नाही.