डब्यावर 11, ब्युरेटमध्ये 10.46

मंडळी, माझ्या 1995 च्या मियाटासाठी (माझदाची छोटी स्पोर्ट्स कार) 84 मिमीचे फोर्ज्ड (घडीव) पिस्टन हातात आहेत, रीबोअर (सिलिंडर कातून रुंद करणं) झालं आहे, आणि इंजिन अजून स्टँडवरच आहे. पिस्टनच्या डब्यावर छापलेलं 11:1 कॉम्प्रेशन (पिस्टन तळाशी असतानाची जागा भागिले तो वर असतानाची जागा) माझ्या इंजिनात 10.46 भरलं. ते ओढून 11 वर न्यायला गेलं की इनटेक व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारे) पिस्टनला नको तितके जवळ येतात. सगळं घोडं इथे अडलं आहे.

आधी चांगली बातमी. गाडीचं इंजिन बीपी, मुळात 83 × 85 मिमी (सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, आणि पिस्टनची धाव), 1839 सीसी, 9.0:1. नव्या बोअरने 1884 सीसी झाले. मशीन शॉपने टॉर्क प्लेट (हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, जागी आवळायची जाड प्लेट) लावून होनिंग (बोअर आतून बारीक घासणं) केलं आहे. हेडचे बोल्ट आवळले की बोअर किंचित वाकडा होतो, तो वाकडेपणा प्लेटमुळे होनिंगच्या वेळीच हिशेबात येतो. मिटुटोयोचा बोअर गेज वरपासून खालपर्यंत फिरवला, सुई जागची हलेना! असं काम पाहिलं की दिलेले पैसे सार्थकी लागतात. पिस्टन आणि भिंत यांच्यात 0.09 मिमी ठेवले आहेत, कारण पिस्टनचा 2618 हा अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू तापल्यावर जास्त फुगतो. थंडीत सुरुवातीला पिस्टन खडखडणार, ते मला मान्य आहे.

आता कॉम्प्रेशन. चेंबर (हेडमधली ज्वलनाची पोकळी) मोजायला हेड उलटं ठेवलं, व्हॉल्व्हच्या सीटवर पातळ ग्रीस लावलं, वर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी बसवली आणि काचेच्या ब्युरेटने (खुणा असलेली मोजनळी) रंगीत स्पिरिट भरलं. बाजारात यासाठी सिरिंजवाले तयार किट मिळतात, ते घेऊ नका. प्लॅस्टिकच्या सिरिंजवर अर्ध्या सीसीचा भरवसा नाही, आणि इथे अर्धा सीसी म्हणजे कॉम्प्रेशनमध्ये दशांशाचा फरक. शाळेतल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली 50 मिलीची ब्युरेट सगळ्यात उत्तम.

चेंबर 47.6 सीसी निघाला. पिस्टनचा घुमट मोजायला पिस्टनची सपाट कड डेकच्या (ब्लॉकचा वरचा सपाट पृष्ठभाग) 12 मिमी खाली आणली. एवढ्या उंचीत नुसत्या सिलिंडरमध्ये 66.5 सीसी मावायला हवेत, मावले 61.1. म्हणजे घुमट 5.4 सीसी. टीडीसीला, म्हणजे अगदी वर असताना, पिस्टन डेकच्या 0.25 मिमी खाली राहतो, त्याचे 1.4. मूळ जाडीचं गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यातली पट्टी) दाबल्यावर 1.1 मिमी, त्याचे 6.2. बेरीज-वजाबाकी करून 49.8 सीसी उरतात. 11:1 साठी 47.1 हवेत. चारही सिलिंडर एकमेकांच्या 0.3 सीसीच्या आत आहेत, म्हणजे मोजणी पक्की.

पिस्टनवाल्यांना विचारलं, तर उत्तर आलं की 11 हा आकडा घासलेलं हेड आणि पातळ गॅस्केट धरून आहे. मग तेही डब्यावर छापा ना! नुसता आकडा छापणाऱ्या पुरवठादारांचा मला राग येतो. घेणारा माणूस त्याच आकड्यावर इंधन आणि टायमिंगची आखणी करतो.

साधा उपाय म्हणजे 0.6 मिमीचं एमएलएस (स्टीलच्या अनेक थरांचं) गॅस्केट. त्याने 2.8 सीसी कमी होतात आणि कॉम्प्रेशन 11.03 होतं. पण गॅस्केट अर्धा मिमी पातळ झालं की हेडही अर्धा मिमी खाली येतं, व्हॉल्व्हसकट. म्हणून व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातलं अंतर मोजायला घेतलं, आणि माझी सगळी उमेद इथेच खर्ची पडली.

नेहमीची पद्धत अशी: पिस्टनच्या खाचांत क्ले लावायची, हेड बसवायचं, क्रँक हाताने फिरवायचा, उघडून क्लेची जाडी कापून मोजायची. इनटेकला कधी 2.5 मिमी, कधी 2.7, कधी 3.1. तोच सिलिंडर, तोच व्हॉल्व्ह, तेच गॅस्केट. क्ले बदलली, तेलाचा हात लावून पाहिला, हेड पुन्हा टॉर्कने आवळलं. आकडा काही स्थिर होईना.

उत्तर टॅपेटमध्ये (कॅम ज्याच्यामार्फत व्हॉल्व्ह दाबतो तो भाग) होतं. 1997 पर्यंतच्या मियाटात टॅपेट हायड्रॉलिक आहेत. इंजिन बंद असताना आत तेलाचा दाब नसतो, त्यामुळे व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोराने टॅपेटचा प्लंजर (दट्ट्या) हळूहळू आत बसतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडतच नाही. किती बसेल ते आत उरलेल्या तेलावर आणि क्रँक फिरवण्याच्या वेगावर ठरतं. क्ले प्रत्येक वेळी खरंच सांगत होती, फक्त चालू इंजिनातलं नव्हे.

मग दोन जुने टॅपेट उघडले, प्लंजर काढला आणि त्या जागी लेथवर कातलेला स्टीलचा तुकडा घट्ट बसवला. व्हॉल्व्हच्या जाड स्प्रिंगऐवजी बोटाने दबतील अशा हलक्या स्प्रिंगा लावल्या. क्ले सोडूनच दिली. एक्झॉस्ट टीडीसीच्या 10 अंश आधी आणि इनटेक 10 अंश नंतर, या जागी अंतर सगळ्यात कमी असतं. तिथे क्रँक थांबवून व्हॉल्व्ह बोटाने पिस्टनला टेकेपर्यंत ढकलला आणि डायल गेज वाचला. इनटेक 2.35, एक्झॉस्ट 2.90. पुन्हा 2.35, 2.90. दुसऱ्या सिलिंडरमध्येही तेच. तो आकडा दुसऱ्यांदा तसाच आला तेव्हा झालेला आनंद तुम्हालाच कळेल.

इनटेकला किमान 2.0 आणि एक्झॉस्टला 2.5 मिमी मी सोडणार नाही. व्हॉल्व्ह तिरके असल्याने 0.6 च्या गॅस्केटने अंतर साधारण 0.45 ने घटतं: 1.90 आणि 2.45. दोन्ही नापास. खाचा खोल कातल्या तर मिळवलेल्या सीसींतले काही परत जातात. 0.8 मिमीच्या गॅस्केटने 2.08 आणि 2.63, कॉम्प्रेशन 10.79.

आणि इथे माझं मत बदललं. 10.79 आणि 11.03 यांतला फरक ऑटो सायकलच्या (पेट्रोल इंजिनाचं आदर्श चक्र) सूत्रात घातला तर कार्यक्षमता अर्ध्या टक्क्याने वाढते. मुळात 128 अश्वशक्ती असलेल्या इंजिनात एक अश्वशक्तीही नाही. उलट 0.8 ने स्क्विश (टीडीसीला पिस्टनची कड आणि हेड यांच्यातलं अंतर) 1.35 वरून 1.05 मिमीवर येतो, मिश्रण कडेने आत जोरात ढकललं जातं आणि नॉकिंगला (मिश्रण आपोआप अवेळी पेटण्याला) आळा बसतो. 0.6 घेतलं तर तो 0.85 होतो, आणि 7000 आरपीएमला कनेक्टिंग रॉड ताणला जातो हे लक्षात घेता तेवढं अंतर मला कमी वाटतं. तेव्हा 0.8 नक्की, मागणी नोंदवली आहे.

पुण्याहून विचारणा होती की 93 ऑक्टेनवर हे कसं चालेल. इथल्या, न्यू जर्सीच्या, पंपावरचा 93 हा आरओएन आणि एमओएन (ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती) यांची सरासरी असतो, भारतातला आकडा नुसता आरओएन. इथलं 93 तिकडच्या हिशेबाने साधारण 98, म्हणजे इंडियन ऑइलच्या एक्सपी95 आणि एक्सपी100 या पेट्रोलांच्या मधलं. कॅलिफोर्नियात 91 वर भागवणाऱ्यांनी मात्र 10.5 च्या पुढे जपून जावं.

1995 च्या गाडीत नॉक सेन्सर नाही, म्हणून ट्यूनिंगच्या वेळी ब्लॉकला तांब्याची नळी बोल्टने बांधून कानाने ऐकणार आहे. आणखी एक: मूळ बीपीत टायमिंग बेल्ट (कॅम फिरवणारा पट्टा) तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत. या घुमटांनंतर ती सोय धरून चालता येणार नाही, म्हणून 60,000 मैलांची वाट न पाहता बेल्ट लवकर बदलणार.

जास्त लिफ्टचे (व्हॉल्व्ह अधिक उघडणारे) कॅम तूर्त रद्द. 2.08 मध्ये त्यांना जागा नाही, इनटेक कॅम पुढे घ्यायलाही फारशी नाही. पण हे लिहिता लिहिता सुचतंय की 1999 चं हेडच का बसवू नये? त्यात टॅपेट सॉलिड आहेत, पोर्टही चांगले आहेत. इनटेक मॅनिफोल्ड बदलावं लागेल आणि चेंबर पुन्हा मोजावा लागेल, तरी या हिवाळ्यात वेळ आहे. कुणी 99 च्या हेडचा चेंबर ब्युरेटने मोजला असेल तर सीसी कळवा. हेड घासलेलं होतं की नाही तेही सांगा. तोवर पिस्टनच्या रिंगांचा गॅप (टोकांमधली फट) 0.38 मिमीवर घासून घेते.