दूध बाळाचे, हृदय आईचे

गरोदरपणात चढलेला रक्तदाब बाळंतपणाबरोबर निघून जातो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे, आणि बहुतेकींचे आकडे काही आठवड्यांत खाली येत असल्यामुळे तिला कोणी हरकतही घेत नाही. परंतु प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे २० व्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाणे आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाणे किंवा यकृत, मूत्रपिंड यांवर ताण येणे, हा त्रास ज्यांना झाला, त्यांना पुढील आयुष्यात हृदयविकार व पक्षाघात होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट असते. मी त्यांच्यापैकी एक आहे.

अंगावर पाजण्याचा आईच्या हृदयाशी संबंध असतो, हे मात्र मला बरेच उशिरा कळले, कारण दुधाविषयीचे सगळे बोलणे बाळाच्या वजनाभोवतीच फिरत होते. गरोदरपणात शरीर चरबी साठवते, रक्तातील कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड वाढतात, इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. पुढे दूध तयार करण्यात रोज साधारण ५०० कॅलरी खर्च होऊ लागल्या की हा साठा वापरला जातो. २०२२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या एका विश्लेषणात सुमारे १२ लाख स्त्रियांची माहिती एकत्र केली होती, आणि ज्यांनी कधीतरी अंगावर पाजले होते, त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार ११ टक्क्यांनी कमी आढळले. अर्थात ही निरीक्षणे आहेत. ज्यांना पाजणे जमते, त्या मुळातच अधिक निरोगी किंवा अधिक सवड असलेल्या असू शकतात. शिवाय धोका दुप्पट आणि घट ११ टक्के, हे दोन आकडे शेजारी ठेवले की पाजण्याने तपासणी टळत नाही, हे कोणालाही दिसावे.

अडचण अशी की ज्यांना या फायद्याची अधिक गरज, त्यांनाच पाजणे अधिक अवघड जाते. बाळ अपुऱ्या दिवसांचे, ते एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आई सिझेरियननंतर दुसऱ्या मजल्यावर, आणि दूध उतरायला उशीर. अशा बाळांसाठी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मानवी दूधपेढी सुरू झाली, ही मुंबईची मोठीच जमेची बाजू आहे. घरी आल्यावर शेजारणी सांगतात, "गोळ्या चालू आहेत ना, मग पाजू नकोस." लॅबेटालॉल, निफेडिपिन, एनालाप्रिल ही रक्तदाबाची औषधे घेत असताना सहसा पाजता येते; डॉक्टरांना एकदा विचारले म्हणजे झाले.

प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान, म्हणजे साधारण घरी येण्याच्या सुमारास, रक्तदाब पुन्हा चढू शकतो. म्हणून घरीच मोजा, असे सांगतात : पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा, बोलू नका. ही सूचना लिहिणाऱ्याने तान्हे बाळ मांडीवर घेतले नसावे. बाळाचे डोके डाव्या कोपरावर, पट्टा उजव्या दंडावर, आणि यंत्र घरघरू लागले की बाळ दचकून तोंड काढून घेते व गाऊन दुधाने भिजतो. शेवटी सासूबाईंनी बाळाला घेऊन गॅलरीत जायचे आणि तेवढ्यात मी बीपी मोजायचे, असे ठरले. डिंकाच्या लाडवांवर मात्र आमचा तह अजून झालेला नाही.

बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर पुढची तारीख लिहिलेली असते; आईला तसे कार्ड कोणी देत नाही. मी माझ्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स फॅमिली डॉक्टरांकडे दिली असून दरवर्षी बीपी, साखर व कोलेस्टेरॉल तपासून घेते. धाकट्या भावजयीला गरोदरपणात मधुमेह झाला होता; अशा स्त्रियांनी बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करायची असते. बाळाच्या अडीच महिन्यांच्या डोसच्या आठवड्यातच ती उरकून घे, आणि उपाशीपोटी लॅबमध्ये दोन तास बसावे लागेल तेव्हा बाळाला सांभाळायला मी येते, असे तिला सांगून ठेवले आहे.